परवाना दुबईचा, पैसा जमिनीचा

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी सुरू झाला. शहापूर, कल्याण आणि भिवंडी तालुक्यांतल्या ज्या शेतकऱ्यांच्या जमिनी त्यात गेल्या, त्यांच्या पासबुकात पैसा त्याच्या कितीतरी आधी जमा झाला होता. शिवाय बुलेट ट्रेन आहे, वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्ग आहे. त्यांचाही मोबदला याच जिल्ह्यात वाटला गेला. हा पैसा कुठे गेला ते आपण सगळ्यांनी पाहिलेच आहे. घरे झाली, गाड्या आल्या, हळदी दणक्यात झाल्या, काही शहाण्यांनी दुसरीकडे जमीन घेतली. ज्यांच्याकडे अजून चार पैसे शिल्लक आहेत त्यांच्यावर आता एक नवीन मंडळी डोळा ठेवून आहे. परदेशात कंपनी काढून देणारे एजंट.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत अशा जाहिराती मोबाईलवर रोज येऊन पडतात. ‘पाच दिवसांत दुबईचे लायसन्स, शंभर टक्के मालकी तुमची, सोबत दोन वर्षांचा व्हिसा.’ बारावी झालेला, नोकरीसाठी वणवण करून दमलेला पोरगा ही जाहिरात बापाला दाखवतो आणि म्हणतो, “बाबा, इथं टपरीला परवानगी मिळत नाही, तिथं कंपनी मिळतेय.” बापाला उत्तर सुचत नाही. कारण जाहिरातीत लिहिलेले तसे काही खोटे नसते. लायसन्स खरेच मिळते. व्हिसाही मिळतो. त्या लायसन्सवर नेमके काय करता येते, हे मात्र जाहिरातीत नसते आणि आपणही विचारत नाही.

थोडे मागचे पाहू. आखाताची वाट आपल्या जिल्ह्याला नवी नाही. भिवंडी-कल्याणकडच्या कोकणी मुसलमान कुटुंबांतली माणसे १९७०च्या दशकापासून तिकडे जाऊन कमावत आली. त्या पिढीला विचाराल तर ती पहिली गोष्ट सांगेल ती कफीलची. म्हणजे तिथला स्थानिक अरब जामीनदार. १९८४च्या तिथल्या कंपनी कायद्याने शहरात कंपनी काढायची तर ५१ टक्के भाग स्थानिकाच्या नावावर हवा, असे ठरले होते. भांडवल तुमचे, घाम तुमचा, कागदावर मालक मात्र तो. त्याला वर्षाची ठरावीक रक्कम द्यायची आणि त्याची मर्जी सांभाळायची. २०२० साली संयुक्त अरब अमिरातीने कायदा बदलला आणि १ जून २०२१ पासून बहुतेक व्यवसायांत परदेशी माणसाला पूर्ण मालकी मिळू लागली. तेव्हा आज कोणी ‘लोकल स्पॉन्सरचे एवढे’ म्हणून पैसे मागत असेल, तर कोणत्या व्यवसायासाठी आणि कोणत्या नियमाने, हे त्याला लेखी विचारा. बऱ्याचदा तिथेच बोलणे थांबते.

दोन प्रकारचे परवाने

आता मुख्य गोष्ट. दुबईत परवाने ढोबळमानाने दोन प्रकारचे. एक शहराचा, ज्याला तिथे मेनलँड म्हणतात. तो तिथल्या अर्थ आणि पर्यटन विभागाकडून मिळतो. दुसरा फ्री झोनचा. १९८५ साली जेबेल अली बंदराजवळ पहिला फ्री झोन झाला आणि आज अमिरातीत चाळीसहून जास्त झोन आहेत. प्रत्येकाचे कार्यालय वेगळे, नियम वेगळे. एकेका झोनमध्ये अक्षरशः एका टेबलाच्या पत्त्यावर कंपनी मिळते. एजंट पाच दिवसांत देतो तो परवाना बहुतेक वेळा हा असतो, कारण तो स्वस्त आणि झटपट.

पण इथेच घोडे पेंड खाते. फ्री झोनचा परवाना म्हणजे त्या झोनमधून परदेशाशी व्यापार करण्याची किंवा सल्ला-सेवा देण्याची मुभा. तो घेऊन बर दुबईच्या रस्त्यावर भाजीचे किंवा वडापावचे दुकान थाटता येत नाही. २०२५ मध्ये दुबईने फ्री झोनच्या कंपन्यांना शहरात काम करण्यासाठी एक जादा परवाना सुरू केला, पण तो वेगळा काढावा लागतो आणि सरसकट सगळ्या धंद्यांना मिळत नाही. आपला पोरगा इथून निघताना डोक्यात दुकान घेऊन निघतो आणि हातात कागद असतो टेबलाचा. तिथे पोचल्यावर कळते की दुकान घालता येत नाही. मग पोट भरायला तो दुसऱ्याच्या दुकानात उभा राहतो. तेही बेकायदा, कारण त्याचा व्हिसा त्याच्याच कंपनीचा. पकडला गेला तर दोघेही अडचणीत, दुकानदारही आणि हाही.

शहराचा परवाना घ्यायचा म्हटले तर आधी नाव राखून ठेवणे, मग प्राथमिक मंजुरी, मग जागा. जागेचा भाडेकरार तिथल्या सरकारी दप्तरी नोंदला गेल्याशिवाय परवाना पुढे सरकत नाही. खाण्याचा धंदा असेल तर दुबई म्युनिसिपालिटीची वेगळी मंजुरी, त्यात गाळ्याचा नकाशा, धूर बाहेर जायची सोय, कामगारांची आरोग्य तपासणी. हे सारे नीट केले तर ते चांगलेच आहे, तिथे नियम सगळ्यांना सारखे लागतात. मुद्दा एवढाच की परवान्याची फी हा या खर्चातला लहान भाग. मोठा भाग भाड्याचा.

आणि भाडे तिथे आपल्यासारखे दर महिन्याच्या पाच तारखेला नाही द्यायचे. वर्षाचे भाडे एक, दोन किंवा चार चेकमध्ये आगाऊ लिहून द्यायचे, ही तिथली रीत. धंदा पहिल्या तिमाहीत चालला नाही तरी दुसऱ्या तिमाहीचा चेक मालकाच्या खणात तयार असतो. पूर्वी चेक वटला नाही की सरळ फौजदारी व्हायची, तुरुंगवास व्हायचा. जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नसल्याने परतलेल्या चेकला बहुतांशी फौजदारीतून वगळले आहे. पण त्यामुळे हायसे वाटून घेऊ नका. आता चेकधारक थेट वसुलीच्या न्यायालयात जातो, खाते गोठते आणि देश सोडायला बंदी घालता येते. म्हणजे गजाआड नाही, पण घरीही नाही. मुलगा तिथे अडकला आणि सोडवायला उरलेला एकर विकला, ही वेळ यायला एवढे पुरते.

कराचेही बदलले आहे. ‘दुबईत कर नाही’ हे वाक्य अजून एस.टी. स्टँडवर ऐकू येते, पण ते जुने झाले. १ जानेवारी २०१८ पासून तिथे ५ टक्के व्हॅट आहे. वर्षाची उलाढाल पावणेचार लाख दिरहमच्या पुढे गेली की नोंदणी सक्तीची. १ जून २०२३ नंतर सुरू झालेल्या हिशेबवर्षापासून पावणेचार लाख दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कर आहे. हिशेबापुरता एक दिरहम २४ रुपयांचा धरा, म्हणजे साधारण ९० लाखांच्या वरचा नफा. “आपला कुठला एवढा नफा!” असे तुम्ही म्हणाल. बरोबर आहे. पण नफा असो वा नसो, कंपनीने कर खात्याकडे नोंद करावीच लागते आणि ती मुदतीत न करणाऱ्याला १० हजार दिरहम दंड २०२४ पासून लागू आहे. म्हणजे नुसता कागद कपाटात ठेवून बसलेल्यालाही जवळपास २ लाख ४० हजारांचा फटका बसू शकतो. एजंट हे सांगत नाही, कारण त्याचे काम परवान्याबरोबर संपलेले असते.

पैसा न्यायचा कसा?

आता आपल्या बाजूचे कायदे. रिझर्व्ह बँकेच्या योजनेप्रमाणे भारतात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते. वर धरलेल्या दराने ती सव्वादोन कोटींच्या आसपास जाते. मर्यादा मोठी आहे, आपल्याला पुरेशी आहे. पण ती व्यक्तीला आहे. कुटुंबाला नाही, एकत्र कुटुंबाच्या खात्याला नाही. हे नीट ध्यानात घ्या, कारण आपल्याकडे मोबदला बहुधा सामाईक असतो.

समजा, तीन भाऊ आणि एक बहीण यांच्या नावावरची जमीन गेली. धाकट्याच्या मुलाने दुबईत कंपनी काढायची ठरवली आणि चौघांनी आपापल्या खात्यातून पैसे धाडले. घरात ही गोष्ट साधी. कायद्यात मात्र कुटुंबीयांची मर्यादा अशी एकत्र करून गुंतवणूक करता येते ती ते सगळे त्या कंपनीत भागीदार असतील तरच. भाग एकाच्या नावावर आणि पैसा चौघांचा, हे चालत नाही. आणि कायद्याचे सोडा, पुढे दोन वर्षांनी धंदा बुडाला किंवा फार चांगला चालला, दोन्ही वेळी भांडण ठरलेले. बुडाला तर बहीण म्हणणार माझा हिस्सा द्या. चालला तर थोरला म्हणणार माझे नाव कुठे? इथे निदान तंटामुक्त समितीपुढे बसता येते. तिथल्या भागभांडवलाचा वाद घेऊन कुठे बसणार?

दुसरी गोष्ट कराची. १ एप्रिल २०२५ पासून नियम असा की शिक्षण, उपचार वगैरे सोडून अन्य कारणासाठी वर्षात १० लाखांच्या वर रक्कम परदेशी गेली तर वरच्या रकमेवर २० टक्के कर बँक आधीच कापून घेते. ५० लाख पाठवायचे तर वरच्या ४० लाखांचे २० टक्के, म्हणजे ८ लाख. खात्यात ५८ लाख हवेत. हा कर बुडीत नाही, विवरणपत्र भरले की वळता होतो किंवा परत मिळतो. पण शेतीचे उत्पन्न करमुक्त, भूसंपादनाचा मोबदला करमुक्त, त्यामुळे आपल्यातल्या कित्येकांनी जन्मात विवरणपत्र भरलेले नाही. ज्याने भरले नाही त्याचे ८ लाख सरकारजमा. शिवाय परदेशी कंपनीत भाग आहेत म्हटल्यावर विवरणपत्र दरवर्षी भरावेच लागते आणि त्यात ती मालमत्ता दाखवावी लागते. न दाखवल्यास २०१५च्या काळ्या पैशाविरोधी कायद्यात १० लाखांचा दंड सांगितला आहे. लहान रकमांना २०२४ पासून त्यात सूट आहे, पण कंपनी काढायला निघालेल्याने सुटीच्या भरवशावर राहू नये.

तिसरी गोष्ट थोडी कायद्याच्या भाषेतली. ऑगस्ट २०२२मध्ये परदेशी गुंतवणुकीचे नवे नियम आले. त्यांप्रमाणे इथे राहणाऱ्याने ज्या कंपनीत पैसा घालायचा ती मर्यादित जबाबदारीची असली पाहिजे. एकट्याच्या नावाची पेढी, जिचे कर्ज मालकाच्या घरादारावर येते, ती यात बसत नाही. पैसे पाठवताना बँकेमार्फत फॉर्म भरून रिझर्व्ह बँकेचा क्रमांक घ्यायचा आणि कंपनीच्या कारभाराचा अहवाल दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत द्यायचा. बँकेच्या गावातल्या शाखेला हे माहीत असेलच असे नाही. ठाणे किंवा कल्याणच्या परकीय चलनाचे काम पाहणाऱ्या शाखेत जा. मोबदल्याच्या निवाड्याची किंवा खरेदीखताची प्रत आणि तिचे इंग्रजी भाषांतर जपून ठेवा, कारण तिथली बँकही खाते उघडताना विचारते की एवढा पैसा आला कुठून.

“एवढी बारा भानगडी कशाला, हवाल्यानं पाठवू की!” असे म्हणणारे भेटतातच. फेमा कायद्यात अशा रकमेच्या तिप्पट दंडाची तरतूद आहे. आणि हवाल्याने गेलेला पैसा कागदावर तुमचा राहतच नाही. भाग कोणाच्याही नावावर झाले तरी दाद मागायला पुरावा कुठे आहे?

एजंटाबद्दल एक वेगळी सूचना. नोकरीसाठी माणसे परदेशी पाठवणाऱ्याला १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली केंद्र सरकारकडे नोंदणी लागते. तो क्रमांक तपासता येतो, तक्रारही करता येते. कंपनी काढून देणारा हा त्या अर्थाने भरती एजंट नव्हे. तुमचा मुलगा ‘कामगार’ म्हणून गेला तर त्याच्यासाठी केलेले हे संरक्षण ‘भागीदार’ म्हणून गेल्यावर उरत नाही. काही ठिकाणी माणसाला कागदावर भागीदार करून नेतात आणि राबवतात मजुरासारखे. पगाराची तक्रार केली तर उत्तर मिळते, तू तर मालक आहेस. नोकरी करायला चालला असेल तर नोकरीच्याच व्हिसावर जाऊ द्या.

मग कोणी जाऊच नये का? असे मी मुळीच म्हणत नाही. धनंजय दातार यांचे नाव आपण ऐकले असेल. १९८४ साली, म्हणजे ५१ टक्क्यांचा तो कायदा आला त्याच वर्षी, दुबईत त्यांच्या वडिलांच्या छोट्या किराणा दुकानात ते कामाला लागले. आज अल अदिल या नावाने त्यांची दुकाने अमिरातीत पसरली आहेत आणि मसाल्याच्या धंद्यात त्यांचे नाव आहे. सुरुवातीची वर्षे तोट्याची गेली, हे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. माझ्या मते त्यांच्या गोष्टीत आपल्या कामाचा भाग हा की वडील आधी तिथे नोकरीत होते. कोणता माल कुठून येतो, भारतीय गिऱ्हाईक काय मागते, भाडे कसे द्यायचे, हे आधी कळले आणि दुकान नंतर आले. परवाना आज कितीतरी सोपा झाला आहे. ही दोन-चार वर्षांची उमेदवारी मात्र सोपी झालेली नाही आणि तिची फी भरून पावती मिळत नाही.

आपल्याकडे दुसरी एक वाट आहे, ती कोणाला वाट वाटत नाही इतकी जवळची. शहापूर, मुरबाडची भेंडी आखातात आणि युरोपात जाते. ती पाठवणारा बहुधा वाशीचा व्यापारी असतो, आपण बांधावर किलोचा भाव घेऊन मोकळे होतो. निर्यातीचा आयात-निर्यात क्रमांक, अपेडाची नोंदणी, मालासोबत रोग-कीडमुक्ततेचा दाखला, हे सगळे गावातल्या शेतकरी कंपनीला इथे बसून मिळते. अमिरातीशी झालेला व्यापार करार १ मे २०२२ पासून लागू आहे आणि जकातीची सवलत मिळते ती उत्पत्तीच्या दाखल्यासह आलेल्या मालाला, दुबईचे लायसन्स कोणाकडे आहे त्याला नाही. दोन-तीन हंगाम तिथल्या आयातदाराला माल दिला, पैसे वेळेवर आले का पाहिले, कोणता माल परत आला आणि का ते समजले, तर मग मुलाला त्याच आयातदाराकडे नोकरीला ठेवा. त्यानंतर कंपनीचा विचार करायला बसा. तेव्हा एजंट तुम्हाला शोधत येणार नाही, तुम्ही त्याला चार प्रश्न विचाराल.

डोंबिवली-ठाण्याच्या शिकलेल्या मुलांचे प्रकरण थोडे निराळे आहे. ब्रिटनची किंवा अमेरिकेतल्या एखाद्या राज्याची कंपनी घरी बसून, संगणकावर, फार कमी पैशांत नोंदवता येते. संगणकाची सेवा विकणाऱ्याला तिचा उपयोगही होतो. पण कंपनी नोंदली म्हणून त्या देशात राहायचा हक्क मिळत नाही. तिथला व्हिसा संपूर्ण वेगळी गोष्ट. पर्यटक व्हिसावर जाऊन स्वतःच्या कंपनीच्या गल्ल्यावर बसता येत नाही. ‘लंडनमध्ये कंपनी’ एवढे ऐकून कोणी मुलीचे लग्न ठरवत असेल तर त्यानेही हे विचारून घ्यावे!

तलाठी आणि ग्रामसेवकांसाठी

आता दोन शब्द गावच्या अधिकाऱ्यांना. पदांची नावे बदलली, तलाठी आता ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक ग्रामपंचायत अधिकारी झाले. काम तेच आहे. परदेशी जाणाऱ्याचा पहिला अडथळा दुबईत नसतो, तो आपल्याच दप्तरात असतो. पासपोर्टावर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे, जन्मनोंदीत तिसरेच. ते आधी जुळवून दिले तर पुढची साक्षांकने अडत नाहीत. आपला दाखला अमिरातीत चालायचा तर राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालय आणि त्यांची वकिलात अशा पायऱ्या चढाव्या लागतात. त्यात एक वेलांटी चुकली तर अर्ज खाली येतो.

वारसनोंदीत आणखी एक गैरसमज आहे. मुलगा परदेशी राहतो म्हणून वारसांतून त्याचे नाव गाळता येत नाही. अनिवासी भारतीयाला शेतजमीन वारसाने मिळू शकते, असलेली ठेवता येते. विकत मात्र घेता येत नाही. त्याच्या सहीचे कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीतून यावे आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरले जावे. भाऊबंदांनी बळेच करून घेतलेले साध्या कागदावरचे हक्कसोड दाखवले तर फेरफार घालू नका, ते नोंदणीकृतच लागते.

या वरच्या नियमातच आपल्या सगळ्यांसाठी एक गोष्ट आहे. अमिराती साध्या धंदेवाल्याला नागरिकत्व देत नाही. परवाना असेपर्यंत व्हिसा, व्हिसा असेपर्यंत मुक्काम. म्हणजे मुलगा कधीतरी परत येणार, दहा वर्षांनी किंवा तीस वर्षांनी. तोवर तो अनिवासी असेल तर त्याला तिथून कितीही पैसा पाठवून इथे शेतजमीन विकत घेता येणार नाही. मोबदल्याचा पैसा घाला हवा तर, पण पाठीमागे राहिलेला तुकडा विकून भांडवल उभे करू नका. तो परत कसा मिळवणार?

शेवटी बंद करण्याचे. परवाना संपला, नूतनीकरण केले नाही, विमानात बसून आलो, झाले, असे तिथे होत नाही. कामगारांचे व्हिसे रद्द करायचे, त्यांची देणी द्यायची, भाडेकरार मोडायचा, कर खात्यातली नोंद काढायची, बँकेचे खाते बंद करायचे, मग परवाना रद्द होतो. तसे न केल्यास दंड चढत राहतो आणि पुढच्या वेळी विमानतळावर विचारणा होऊ शकते. एजंटाला पहिला हप्ता देण्यापूर्वी परवाना काढण्याच्या खर्चाबरोबर तो रद्द करण्याचाही खर्च आणि कोणत्या झोनचा, कोणत्या व्यवसायाचा परवाना ते त्याच कागदावर लिहून घ्या, आणि त्यावर त्याची सही-शिक्का घ्या.